साठ खेपा

पत्रकात लिहिलंय:
रोज सरासरी नऊशे मीटर चढ,
सात दिवस, सात मुक्काम,
सोबत प्रमाणित वाटाड्या.
प्रवाशांनी दोन महिने आधीपासून
चढाचा सराव ठेवावा.

चढ.
नागपुरात.
नवतप्यात.

शून्य मैलाचा दगड इथे रोवला
तो ही सपाटी बघूनच रोवला असेल.
सेमिनरी हिल्सला आम्ही टेकडी म्हणतो,
कारण दुसरं कशाला म्हणणार?

म्हणून हिशेब केला, जन्माची सवय:
आमची इमारत पाच मजली,
शंभर पायऱ्या, पंधरा मीटर.
आल्प्सचा एक दिवस म्हणजे साठ खेपा.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये आठ किलो तूरडाळ.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बोकडेबाई म्हणाल्या,
काहो भाऊ, लिफ्ट बंद हाय काय?
दुसऱ्या दिवशी म्हणाल्या,
लिफ्ट तं चालू हाय नं.
तिसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही,
पण दाराशी माठ होता, वर उलटा पेला,
आणि माठाला ओलं फडकं.
पत्रकात ज्याला डोंगरातलं विश्रामगृह म्हटलंय
ते बहुतेक हेच.

खाली पानठेल्यावर गंमत चालते:
डोंगरदिवे साहेबांना
वर जायची लई घाई झाली, बाप्पा.

हसतो मी. त्यांना काय सांगू,
बत्तीस वर्षं मी फक्त खाली उतरलो.
कोळशाच्या खाणीत वर येणं म्हणजे
पाळी संपणं, आंघोळ, घर.
वर जाण्यासाठी वर जायचं असतं
हे कोणी शिकवलंच नाही.

लोकरीचे हातमोजे मागितले तर
बर्डीवरचा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.
माळ्यावरून काढून दिले, डांबरगोळ्यांच्या वासाचे.
घरी कूलरसमोर बसून घालून पाहिले.
शेचाळीस अंश. दहा बोटं
दहा वेगवेगळ्या तापांत.

उत्पलानं झुरिचहून फोनवर वाटाडीशी गाठ घालून दिली.
उर्सिना नाव. वय असेल तिशीचं,
गाल उन्हानं सोललेले, तेही बर्फातल्या उन्हानं.
विचारलं, उंचीची भीती वाटते का?
म्हटलं, माहीत नाही.
खोलीची वाटत नाही.

मग तिनं सांगितलं,
बर्फावर ती आधी काठी टेकवते.
खाली पोकळी असेल तर
काठीला कळतं, हाताला कळतं, मग पाऊल.
मी गप्प झालो.
आम्ही छत ठोकायचो, लोखंडी पहारीनं.
टणक वाजलं तर पुढे.
भद्द वाजलं तर पोरांना मागे ओढायचं,
कारणं नंतर.
उत्पलाला म्हटलं, हे भाषांतर नीट कर.
ती थांबली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

नियम एकच, उर्सिना म्हणाली,
सगळ्यात हळू चालणारा
सगळ्यात पुढे, माझ्या पाठोपाठ.

तिकिटं दोन आहेत.
विमल पहिल्या दिवशीच म्हणाली होती,
तुमचा डोंगर तुम्ही चढा,
मी खालून फोटो काढीन.
दुसरी बुटांची जोडी खोक्यातच होती.

काल पहाटे चारला जाग आली
तर तिची बाजू रिकामी.
जिन्यात पावलं. कोरी, करकरणारी.
दार उघडून बघतो तर डाळीचा डबा अर्धा,
आणि दुसऱ्या मजल्यावर ती,
पदर खोचलेला, कठड्याला हात,
ओठांत आकडे.

किती झाल्या?
अकरा, ती म्हणाली, बोलू नका, चुकते.

बूट घालून तिच्या मागे लागलो.
आवाज होऊ नये म्हणून जपत, मुकाट,
बोकडेबाईंच्या माठापर्यंत.
तिथे तिनं पाणी प्यायलं, पेला उलटा ठेवला,
आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

तुम्ही व्हा पुढे, म्हणाली.
तुमचे टोंगळे वाजून राहिले कधीचे.